व्याह्याचं माप

व्याहीबुवा,

तुमच्या तेराव्याचं जेवण नीट झालं. जिलबी दोनदा फिरली, मठ्ठा आंबट नव्हता आणि शेवटच्या पानापर्यंत भात गरम पोचला. मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो. पंगतीत लक्ष ठेवायचं असतं हे माझ्या मुलीच्या लग्नात तुम्हीच मला शिकवलंत.

गेलेल्या माणसाबद्दल मनात काही ठेवू नये म्हणतात. मी ठेवलं आहे. तुम्ही मला काहीतरी सांगणार होतात आणि न सांगता गेलात. अंबरनाथच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी मालातली खोट शोधण्यात गेली. बाकीचे माल बनवायचे आणि मी त्यात काय चुकलंय ते बघायचो. निवृत्तीला साहेबांनी दिलेलं घड्याळसुद्धा मी तिथल्या तिथे कानाला लावून बघितलं होतं. अशा माणसाला तुम्ही "एक सांगायचं होतं" म्हणालात आणि पुढचं वाक्य पोटात घेऊन निघून गेलात. हे काही बरं केलं नाही.

लग्नातली गोष्ट तुम्ही विसरला असाल असं मला कायम वाटायचं. आम्ही विसरलो नव्हतो. व्याह्यांच्या पंगतीत जिलबीचं ताट तुमच्या ओळीपर्यंत येता येता संपलं. आतून दुसरं येतच होतं. तेवढा दम न धरता तुम्ही भावकीकडे बघून मोठ्यानं म्हणालात, "मुलीकडच्यांचा हात जरा आखडता दिसतो." सगळी पंगत हसली. माझी बायको सुनंदा तुमच्या मागेच तुपाचं भांडं घेऊन उभी होती. तिनं भरल्या डोळ्यांनी ओळभर तूप वाढलं आणि आत जाऊन पाठवणीचं रडणं तिथेच रडून घेतलं. त्यानंतर तुमच्याकडे दिवाळीचा फराळ डब्यातून कधी गेला नाही, पातेल्यातूनच गेला. तुम्हाला वाटलं असेल, माणसं दिलदार आहेत. तो राग होता, व्याहीबुवा.

म्हणून तुम्ही त्या रविवारी बदलापूरहून जांभळांची टोपली घेऊन, फोनबिन न करता, आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या घरी आलात तेव्हा मी आधी टोपलीत पत्रिका आहे का ते बघितलं. व्याही न सांगता येतो तो एक तर आमंत्रण घेऊन, नाही तर तक्रार घेऊन. तुम्ही पाणी प्यायलात, खिशातून मोबाइल काढलात आणि मला एक व्हिडिओ दाखवलात. कुठल्याशा डोंगरात एक माणूस जीपच्या मागच्या दारात बसून चहा करत होता. आत त्याचा बिछाना, भांडी, पाण्याची टाकी, सगळा संसार.

"आपुन असं करू," तुम्ही म्हणालात. "गाडी हाय गोठ्यात पडलेली."

ती गाडी मला ठाऊक होती. चारही चाकांना जोर असलेली जुनी जीप, जिच्यातून तुम्ही माळावरचा पेंढा आणि दुधाचे कॅन उतरवायचात. जमिनीवर इमारती झाल्या, म्हशी विकल्या गेल्या, गोठा रिकामा झाला आणि ती एकटी राहिली. तुम्हाला कच्छच्या रणात जायचं होतं. घराच्या तीन बाजूंना टॉवर झालेत, ओटीवर बसलं की समोरच्यांची वाळत घातलेली कापडं दिसतात, एकदा अशा ठिकाणी जाऊन बसायचंय की नजर टाकली की कशाला अडणार नाही, असं म्हणालात. मी विचारलं, तुम्हाला भाऊ आहेत, मुलगा आहे, गावभर भावकी आहे, मग मीच का? तुम्ही म्हणालात, "तुम्हाला मापं कळतात."

तुमची पाठ वळल्यावर सुनंदानं एक जांभूळ हुंगून बघितलं. "या माणसाला काहीतरी हवंय," ती म्हणाली. मलाही तेच वाटत होतं. मुलाचा बाप मुलीच्या बापाकडे मदत मागायला आलेला मी तरी कधी ऐकला नव्हता. खरं सांगायचं तर मी दर शनिवारी तुमच्या गोठ्यावर यायला लागलो तो गाडीसाठी नव्हे, तुमच्यावर नजर ठेवायला. माझी मुलगी केतकी तुमच्या घरात दिलेली. ती आणि तुमचा निलेश चिखलोलीच्या नव्या इमारतीत वेगळे राहत असले तरी त्यांच्या घरातलं आधी तुमच्या कानावर यायचं आणि मग, आलं तर, आमच्या.

आता गाडीबद्दल बोलतो, कारण गाडीबद्दल बोलताना तुम्ही खोटं बोलत नव्हतात. गव्हाणीवर जुना दरवाजा टाकून आपण कामाचं टेबल केलं. पुढच्या दोन सीटा तशाच ठेवल्या. मागे दोन्ही बाजूंना दोन फळ्या, मधे जेमतेम एक माणूस आडवा सरकेल एवढी वाट, फळ्यांखाली खोकी आणि मागच्या दाराशी आडवी स्वयंपाकाची पेटी, तिच्यात शेगडी आणि नळ लावलेला पाण्याचा कॅन. वर टपावर ताडपत्रीची गुंडाळी, ती उलगडली की मांडव. मी हट्ट धरला की सगळं नटबोल्टावर बसवायचं, उद्या आरटीओच्या पासिंगला कुणी बोट दाखवलं तर तासाभरात उतरवता आलं पाहिजे. तुम्ही त्याला इन्स्पेक्टरगिरी म्हणायचात, पण प्रत्येक नट दोनदा आवळायचात.

प्लाय आणायला आपण उल्हासनगरला गेलो तो दिवस आठवतो? त्या सिंधी दुकानदारानं शपथ घेऊन सांगितलं की हा प्लाय पाण्यानं फुगणार नाही. मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो तेव्हा तो वैतागून म्हणाला, "साईं, बाल्टी में डाल के रखो. फूल गया तो मेरे मुँह पे मारो." मी खरंच एक तुकडा मागून घेतला आणि आठवडाभर मोरीतल्या बादलीत बुडवून ठेवला. सुनंदा त्याच्या शेजारी आंघोळ करत होती. तो फुगला नाही आणि मला थोडं वाईटच वाटलं. तुम्ही मात्र रोज फोन करून विचारायचात, फुगला का, आणि नाही म्हटलं की पलीकडे खूश व्हायचात.

फोमच्या दुकानात तर आपण भांडलोच. जाड गादी तुम्हाला, असं मी म्हणत होतो. मुलाकडच्यांना पातळ गादी दिली असं व्हायला नको होतं. तुम्ही म्हणत होतात, जाड साहेबांना, म्हणजे मला. दुकानदार कंटाळला. दोन्ही एकसारख्या का घेत नाही, भाऊ-भाऊ आहात का, असं त्यानं हिंदीत विचारलं. आपण दोघं एकदम म्हणालो, "व्याही."

"फिर मैं बीच में नहीं पड़ता," तो म्हणाला आणि चहा प्यायला निघून गेला.

परतीच्या रिक्षात तुम्ही हसत होतात. मीही हसलो, पण तुमच्यापेक्षा थोडं कमी. कारण या सगळ्यात माझ्या नजरेला बारीकसारीक गोष्टी पडत होत्या. मी गोठ्यात शिरलो की तुमचं विहीणबाईंशी चाललेलं बोलणं थांबायचं. एकदा गाडीखाली आडवे पडून तुम्ही वरच्या माणसाला सहज विचारावं तसं मला विचारलंत, केतकी लहानपणी हट्टी होती का. माझ्या हातातला पाना तसाच राहिला. मुलगी दिलेला बाप असा प्रश्न ऐकून रात्री काय झोपणार? मी म्हणालो, छे, अगदी गरीब होती. तुम्ही गाडीखालून नुसतं हं म्हणालात.

आणि मग फळ्यांची लांबी ठरवायचा दिवस आला. पेटी मोठी ठेवायची तर फळ्या तेवढ्या कमी होणार. मी विचारलं, तुम्हाला किती लांब लागेल? तुम्ही म्हणालात, "आपल्याला काय, कुठंपण मावतो." मी म्हटलं, तसं नाही, नीट सांगा. तुम्ही प्लायवर हात ठेवलात आणि म्हणालात, "इथवर पुष्कळ झालं." तुम्ही मला विचारलंत. मीही हात ठेवला आणि पुष्कळ झालं म्हणालो. पंगतीत वाढपी पुढे आला की पोटात भूक असताना पानावर आडवा हात धरतात, तसे आपण दोघं प्लायवर हात धरून उभे होतो.

टेप माझ्या हातात होती. प्लायचा प्रत्येक तुकडा मी तीन वेळा मोजत होतो. पण मुलाच्या बापाला म्हणायचं कसं, आडवे व्हा, माप घेतो? आधल्या दिवशी घरी विषय निघाला होता तेव्हा सुनंदानं मला दम भरला होता. "उभ्या माणसाचं माप शिंपी घेतो," ती म्हणाली. "आडव्याचं कधी घेतात ते माहीत आहे ना? व्याह्यांना असलं काही करायला सांगू नका." मी टेप खिशात घातली. आणि व्याह्यासमोर व्याही आडवा होत नाही, त्यामुळे त्या फळ्यांवर आपण कितीतरी शनिवार बसलो, चहा प्यायलो, पण पाठ कुणी टेकली नाही.

पाठ टेकली ती थेट बारवी धरणाच्या पलीकडे, तुमच्या मेहुण्याच्या माळावर, गाडीच्या पहिल्या मुक्कामाला. रात्र कशी गेली ते मी तुम्हाला सांगितलं नाही, आता सांगतो. माझे पाय पेटीला अडत होते. मी कुशीवर झालो, गुडघे पोटाशी घेतले, आणि माझ्या मनात आलं की या माणसानं चहाची पेटी मोठी मिळावी म्हणून माझी फळी मुद्दाम आखूड करायला लावली. तुम्ही पलीकडच्या फळीवर इतके गप्प होतात की मला वाटलं, याला मस्त झोप लागली.

सकाळी ताडपत्रीखाली शेगडी पेटली. समोर माळ, पलीकडे डोंगर, आणि एकही टॉवर नाही. तुम्ही कमरेवर हात ठेवून उभे होतात. मी कप पुढे केला. तुम्ही तो घेतलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "एक सांगायचं होतं."

मी म्हणालो, सांगा. माझा आवाज बदलला असणार. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत, एक घोट घेतलात आणि म्हणालात, "राहू द्या. पुढच्या खेपेला सांगतो."

घरी येईपर्यंत मी तुम्हाला चारही बाजूंनी टोचून बघितलं. तुम्ही पावसाबद्दल बोललात, क्लचबद्दल बोललात, कच्छला थंडीत जाऊ म्हणालात. सुनंदाला सांगितलं तर ती म्हणाली, मी म्हटलं नव्हतं? त्या रात्रीपासून आमच्या घरात तर्कांचा कारखाना सुरू झाला. निलेश आणि केतकीचं बिनसलंय आणि हे आम्हाला आधी गोड करून घेतायत. किंवा केतकीनं नोकरी सोडावी असं त्यांच्या मनात आहे. मी काहीतरी निमित्त काढून चिखलोलीला गेलो. निलेश बाल्कनीत जाऊन फोनवर बोलत होता. बाल्कनीत का? केतकीनं चहात साखर घातली नव्हती. का विसरली? मी तिला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, सगळं ठीक आहे ना? ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दूध नासलंय का ते आधी बघता आणि मग पिता. जरा नुसतं प्या ना." माझा संशय आणखी वाढला.

पुढची खेप आलीच नाही. एका सकाळी निलेशचा फोन आला, बाबा गेले. तुम्हाला हे सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मला वाटलं की तुम्ही एकटेच गाडी घेऊन कच्छला गेलात. मला राग आला. ओटीवर चहा पिता पिता गेले असं तो पुढे म्हणाला तेव्हाही तो राग लगेच जाईना, कारण तसंही तुम्ही मला मागे ठेवूनच गेला होतात.

अंगणात तुमच्या भावकीतले लोक बांबू बांधत होते. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. एकानं दोरी घेतली, तुमच्या डोक्यापासून पायापर्यंत धरली आणि त्या दोरीवर बांबू कापले. मी खांबाला टेकून बघत होतो. नोकरीभर नजरेनं माप ओळखत आलेला माणूस मी, आणि व्याहीबुवा, मला पहिल्यांदा दिसलं की तुम्ही किती लांब होतात. मी कापलेल्या फळीपेक्षा चांगले वीतभर लांब. सगळे रडत होते आणि माझ्या डोक्यात एकच विचार चालला होता, हा माणूस त्या रात्री झोपला कसा?

तरीही सांगायची गोष्ट तीच असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही. एवढीशी गोष्ट सांगायला माणूस इतका अवघडत नाही, असं मी धरून चाललो होतो. काल तेराव्याला पंगती उठल्यावर विहीणबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुनंदा त्यांच्याजवळ बसली. मी समोर उभा राहिलो आणि अखेर विचारून टाकलं, माळावरून आल्यावर व्याहीबुवा काही बोलले होते का?

विहीणबाईंनी आधी सुनंदाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "कमरेत वाकून आले त्या दिवशी. मी तेल चोळलं. बोलले, फळी आखूड पडली, पाय पोटाशी घेऊन निजलो. मी बोलले, मग सांगा ना व्याह्यांना, कापतील दुसरी. तर बोलले, नाय. चहाच्या टायमाला तोंडावर आलेलं, गिळलं. त्यांच्या केलेल्याला मी एकदा नाव ठेवलं. ती बाई तूप वाढता वाढता रडली. परत नाय."

सुनंदानं विहीणबाईंचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तुम्ही मागे वळून बघितलं होतंत, हे आम्हाला इतकी वर्षं माहीत नव्हतं. पातेल्यातून येणाऱ्या फराळाचा अर्थही तुम्हाला पहिल्या दिवाळीलाच कळला असेल, असं आता वाटतं. आणि तो तुम्ही दरवर्षी निमूट खाल्लात.

मी मात्र मीच आहे. मला लगेच वाटलं, आम्हाला बरं वाटावं म्हणून विहीणबाईंनी हे रचलं तर नसेल? पण अंगणात कापलेले बांबू मी माझ्या डोळ्यांनी बघितले होते. केतकीलाही बाजूला घेऊन विचारलं, तू लहानपणी हट्टी होतीस का असं तुझे सासरे मला का विचारत होते? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं तुमची तंबाखू बंद केली होती, रोज फोन करून खिसे तपासायला लावायची, म्हणे. तुमची तक्रार एवढीच होती. मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी तुमच्यावर फार राग आला. एक वाक्य बोलला असतात तर मी त्याच दिवशी पेटी छोटी केली असती. मीही माझी फळी आखूड आहे म्हणालो असतो. आपण दोघं त्या माळावर कंबर धरून हसलो असतो. मला मित्र असे नव्हतेच हो कधी. खोट काढणाऱ्याच्या शेजारी डबा खायला कोण बसतं? शनिवार आला की मी सकाळपासून बूट घालून बसायचो, हे सुनंदाला माहीत आहे. तुम्हाला सांगायचं राहिलं.

संध्याकाळी आम्ही सगळे गोठ्यात गेलो. निलेश म्हणाला, थंडीत आईला घेऊन रणात जायचं म्हणतोय, बाबांचं राहिलं ते. केतकीही जाणार. विहीणबाई पुढच्या सीटवर हात फिरवत होत्या. निलेश तुमच्यावर गेलाय, तसाच लांब. मी तुमच्या फळीकडे बोट केलं आणि विचारलं, ही पुरेल का तुला?

तो लाजत हसला. "पुष्कळ झाली, बाबा," तो म्हणाला.

अगदी तुमचा आवाज, व्याहीबुवा. माझा त्याच्यावर काडीचाही विश्वास बसला नाही. "झोपून दाखव," मी म्हणालो.

तो सुनंदाकडे बघायला लागला. सासूसासऱ्यांसमोर आडवं व्हायचं, तेही तेराव्याच्या दिवशी, त्याला कसंसंच झालं असणार. मी सुनंदाकडे बघितलं नाही. विहीणबाई म्हणाल्या, "नीज रे." तो आत चढला आणि आडवा झाला. त्याचे पाय पेटीला अडले. त्यानं गुडघे वर घेतले आणि तरीही तो म्हणत होता की बसतंय, चालेल, काही अडचण नाही.

मी खिशातून टेप काढली, एक टोक त्याच्या टाचेशी दाबून धरलं आणि बाकीची टेप वळून न बघता मागे केली. "धरा जरा, व्याहीबुवा," मी म्हणालो.

मग विहीणबाई वाकल्या आणि त्यांनी दुसरं टोक धरलं.